नियमात बसवलेली हुकूमशाही

१९३२-३३ च्या सुमारास नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात सविनय कायदेभंगाच्या राजबंद्यांची गर्दी होती. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती याच तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये. त्याच काळात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही तरुण मंडळी तिथे समाजवादावर चर्चा करत होती. त्या चर्चांतूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. चार दशकांनी हे कारागृह राजबंद्यांनी पुन्हा भरले. इंग्रज केव्हाच गेले होते. या खेपेला बराकींत होते आणीबाणीत ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली उचललेले समाजवादी, संघाचे स्वयंसेवक आणि विद्यार्थी चळवळीतले कार्यकर्ते. पुढे महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री झालेले गोपीनाथ मुंडे त्यांच्यातलेच एक. खुद्द जयप्रकाश चंडीगडला स्थानबद्ध होते. मसानी मुंबईत सेन्सॉरशी न्यायालयात भांडत होते. पहिल्या तुरुंगवासाचा हुकूम परक्या राजवटीचा होता, दुसऱ्याचा लोकांनी मते देऊन निवडलेल्या सरकारचा.

लोकांनी निवडलेले सरकार या टोकाला कसे पोहोचते, हा प्रश्न जगातल्या अनेक देशांच्या वाट्याला आला आहे. हुकूमशाही म्हटले की रस्त्यावरचे रणगाडे आणि रेडिओ केंद्रावर कब्जा करणारे लष्करी अधिकारी डोळ्यांसमोर येतात. पाकिस्तानने आणि म्यानमारने तो अनुभव घेतला. दुसरी वाट मात्र फाइलींमधून जाते. तिथे घटना फाडली जात नाही, उलट तिचीच कलमे वापरली जातात. न्यायालये उघडी असतात, संसद भरते, अधिकारी वेळेवर कामावर येतात. भारताला ही वाट एकवीस महिने जवळून दिसली. तिचा नकाशा पुन्हा पुन्हा तपासण्याचे कारण असे, की तिच्यावरचे काही दरवाजे नंतर बंद केले गेले आणि काही तसेच उघडे राहिले.

आणीबाणी पुकारली गेली त्या रात्रीचा कागद जवळून पाहण्यासारखा आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५ जूनला रामलीला मैदानावर जयप्रकाशांची प्रचंड सभा झाली. त्याच रात्री पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेले. हा विषय मंत्रिमंडळापुढे नेला असता, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून कामकाज नियमावलीतील नियम १२ खाली त्या अटीतून सूट घेत आहोत, असा त्या पत्राचा आशय. नियम १२ हा कारभाराच्या सोयीसाठी केलेला साधा नियम. तातडीच्या कामात पंतप्रधान मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय घेऊ शकतात आणि संमती मागाहून मिळवता येते, एवढेच तो सांगतो. त्याच्या आधारे आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्र्यांना बोलावणे गेले ते सकाळच्या बैठकीचे. २६ जूनला सकाळी सहा वाजता मंत्रिमंडळासमोर आले ते झालेले काम. तोवर दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांची वीज तोडली होती आणि विरोधी नेत्यांना उठवून नेण्यात आले होते. देशाचे स्वातंत्र्य गेले, आणि नियमाच्या भाषेत पाहिले तर नियम मोडलाही गेला नव्हता.

एका पत्राला इतके बळ आले कुठून? त्याचे मूळ चार वर्षे मागे आहे. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला लोकसभेच्या ३५२ जागा मिळाल्या. इतके मोठे बहुमतच असे बळ देते. आपल्या शेजाऱ्यांकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. बांगलादेशात १९७३ च्या पहिल्याच निवडणुकीत अवामी लीगने ३०० पैकी २९३ जागा जिंकल्या. जानेवारी १९७५ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांनी चौथी घटनादुरुस्ती करून एकपक्षीय राजवट आणली आणि त्याच जूनमध्ये देशात चारच दैनिके ठेवली. श्रीलंकेत १९७७ साली जयवर्धने यांच्या पक्षाला १६८ पैकी १४० जागा मिळाल्या. डिसेंबर १९८२ मध्ये त्यांनी सार्वत्रिक निवडणूक टाळली आणि सार्वमत घेऊन त्याच संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवून घेतली. दहा-बारा वर्षांत एकाच उपखंडातल्या तीन देशांत लोकांनी भरभरून दिलेले बहुमत त्यांच्याच अधिकारांवर उलटले.

हा इशारा आधी मिळाला नव्हता असे नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो स्पष्ट शब्दांत दिला होता. लोकशाहीचा बाह्य आकार तसाच राहील आणि प्रत्यक्षात हुकूमशाही येईल, हा धोका त्यांनी मांडला. एखाद्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले तर तो खरा ठरण्याची शक्यता फार वाढते, असे त्यांनी बजावले. कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी ठेवू नका, धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांनीच सांगितले. काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह उभा करणाऱ्या आणि येवल्यात धर्मांतराची घोषणा करणाऱ्या या माणसाची नाशिक जिल्ह्याला नीट ओळख आहे. त्यांच्या जयंतीला जिल्हाभर मिरवणुका निघतात. व्यक्तिपूजेविषयीचे त्यांचे हे भाषण मात्र त्या मंडपांतून फारसे वाचले जात नाही, आणि ते वाचले जायला हवे.

सगळीकडे सुरुवात बहुमतानेच होते असेही नाही. जर्मनीत जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा त्याच्या पक्षाकडे बहुमत नव्हते. फेब्रुवारीच्या अखेरीस राइशटागला आग लागली. दुसऱ्याच दिवशी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली नागरी हक्क स्थगित करणारा वटहुकूम निघाला. २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा आपला अधिकार सरकारच्या हाती देऊन टाकला. विरोधात मत दिले ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाने. कम्युनिस्ट सदस्य तोवर तुरुंगात किंवा भूमिगत होते. पेरूचे निवडून आलेले अध्यक्ष फुजिमोरी यांनी ५ एप्रिल १९९२ रोजी संसदच बंद केली. अलीकडे गती मंदावली आहे. व्हेनेझुएलात १९९८ ला निवडून आलेल्या ह्यूगो चावेझ यांनी नवी घटना आणली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या २० वरून ३२ करून तिथे आपली माणसे बसवण्यात आली आणि २००९ मध्ये अध्यक्षपदाच्या कारकिर्दींवरची मर्यादा उठवण्यात आली. हंगेरीत २०१० मध्ये ओर्बान यांच्या आघाडीला ५३ टक्क्यांच्या आसपास मतांवर दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. पुढे नवी घटना आली आणि न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून एकदम ६२ वर आणले गेले. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर कोणत्या ना कोणत्या लोकशाही देशात सापडते. म्हणूनच ती घडत असताना नेमक्या कोणत्या दिवशी रस्त्यावर उतरायचे, ते लोकांना ठरवता येत नाही.

भारतातही आणीबाणी एका रात्रीत आली असे म्हणणे अर्धेच खरे आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले, की संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही. लगेच सरकारने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केले. तिघांनी राजीनामे दिले. त्या दिवशी वकील रस्त्यावर आले, पण सामान्य माणसाला ते बढतीचे भांडण वाटले असावे. त्या डावलण्याची किंमत कळायला तीन वर्षे लागली.

२८ एप्रिल १९७६ रोजी ‘एडीएम जबलपूर’ खटल्याचा निकाल लागला. प्रश्न असा होता, की आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते का? देशातली नऊ उच्च न्यायालये ‘हो’ म्हणाली होती, त्यात मुंबई उच्च न्यायालयही होते. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस ठार मारला तरी उपाय नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर मिळाले. तरीही राय, बेग, यशवंत चंद्रचूड आणि भगवती या चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे खन्ना वेगळे राहिले. त्यानंतर सरन्यायाधीशपद त्यांना चुकवून गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘एडीएम जबलपूर’ रद्दबातल ठरवला. तो निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. मधल्या चाळीस वर्षांत चुकीची कबुली अनेकांनी दिली, पण १९७६ साली बराकीत बसलेल्या माणसाच्या ती कामी आली नाही.

संसदेचा वेगही नोंदवून ठेवावा असा आहे. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी ३९ वी घटनादुरुस्ती ७ ऑगस्ट १९७५ ला लोकसभेत आणि ८ ला राज्यसभेत मंजूर झाली. शनिवार ९ तारखेला राज्यांच्या विधानसभांनी तिला मान्यता दिली आणि १० तारखेला, रविवारी, राष्ट्रपतींची सही झाली. सर्वोच्च न्यायालयात पंतप्रधानांच्या अपिलाची सुनावणी होती ११ तारखेला. विरोधी बाकांवरची अनेक माणसे तुरुंगात होती. नोव्हेंबरात न्यायालयाने या दुरुस्तीचा तो भाग घटनाबाह्य ठरवला, हे खरे. पण त्याच संसदेने नंतर स्वतःचीच मुदत वाढवून घेतली. मार्च १९७६ मध्ये व्हायची निवडणूक पुढे गेली आणि ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेचा कार्यकाळ पाचाचा सहा वर्षे झाला.

महाराष्ट्रात मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या आकडेवारीनुसार देशभरात ‘मिसा’ आणि भारत संरक्षण नियमांखाली १ लाख १० हजारांहून अधिक लोक पकडले गेले. महाराष्ट्रात एकट्या ‘मिसा’खालीच पाच हजारांवर माणसे आत होती. हा कायदा १९७१ मध्ये सीमेवरच्या तणावाच्या दिवसांत देशाच्या सुरक्षेसाठी केला गेला होता. जून १९७५ मध्ये वटहुकूम काढून अटकेची कारणे सांगण्याची अटही काढून टाकली गेली.

तुरुंगाबाहेरही राज्य थांबले नव्हते. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले. असे करणारे देशातले हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, पण उद्दिष्टांची शर्यत त्यासाठी थांबली नाही. १९७६-७७ या एका वर्षात राज्यात आठ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना रस्त्यावरून गाड्यांत कोंबून नेल्याचे प्रकार जानेवारी १९७६ मध्येच घडले होते. ही कामे करणारे तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक आणि डॉक्टर तुमच्या-आमच्यासारखेच होते. वरून आकडा येत होता, तो पुरा केला नाही तर पगार अडत होता किंवा बदली होत होती. हुकूमशहा एकटा कोणालाच तुरुंगात घालू शकत नाही. त्याला शेवटी ठाण्यातला हवालदार आणि तहसील कचेरीतला कारकून लागतो.

आणीबाणीला पाठिंबा देणारे थोडे नव्हते. भारतीय कम्युनिस्ट पक्ष सरकारबरोबर होता. शिवसेनेने तिचे उघड समर्थन केले. सरसंघचालक बाळासाहेब देवरसांनी येरवड्यातून इंदिरा गांधींना संघावरील बंदी उठवण्यासाठी पत्रे लिहिली. दुसरीकडे संघाचे हजारो स्वयंसेवक तुरुंगात होते, हेही तितकेच खरे. शहरी मध्यमवर्ग गाड्या वेळेवर येतात आणि संप होत नाहीत म्हणून समाधानी होता. आज प्रत्येक पक्ष त्या काळातला आपल्या सोयीचा तुकडा उचलतो. राज्याने ‘मिसा’बंद्यांना २०१८ मध्ये मानधन सुरू केले, पुढच्या सरकारने २०२० मध्ये ते बंद केले आणि त्यानंतरच्या सरकारने २०२२ मध्ये पुन्हा चालू केले. तुरुंगात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मृतीची अशी ओढाताण व्हावी, हे दुःखाचे आहे.

या साऱ्यात नाही म्हणणारी माणसे कुठे भेटतात, ते पाहिले पाहिजे. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय परराष्ट्रमंत्री. १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेत गेले होते. अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. त्यांनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीवर व्यासपीठावरून बोट ठेवले आणि आजारी जयप्रकाशांसाठी सभागृहाला उभे राहून प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना मुंबईत अटक झाली. यशवंतरावांची अडचण समजण्यासारखी आहे. लोकशाही मानणारा, ग्रंथ वाचणारा हा माणूस त्या मंत्रिमंडळात शेवटपर्यंत राहिला. सुसंस्कृतपणा आणि प्रतिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कऱ्हाडच्या मांडवात एकाच वेळी दिसले.

मसानींची लढाई कमी नाट्यमय, पण न्यायाच्या दृष्टीने फार मोलाची होती. त्यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातला अकरा ठिकाणचा मजकूर सेन्सॉरने अडवला. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकारने अपील केले. १० फेब्रुवारी १९७६ रोजी न्यायमूर्ती मदन आणि कनिया यांनी ते फेटाळले. सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे त्यांनी बजावले. त्याच न्यायालयाने बंद सभागृहात भरणाऱ्या वकिलांच्या सभेवरची पोलिसांची बंदीही उठवली. पुण्यात ‘साधना’ साप्ताहिक सरकारी कारवाईला तोंड देत निघत राहिले. त्याचे संपादक यदुनाथ थत्ते मूळचे येवल्याचे. सर्वोच्च पातळीवर न्यायसंस्था वाकली असताना खालच्या पायऱ्यांवर ती ताठ उभी होती, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणूक जाहीर झाली. आपण जिंकू, असा इंदिरा गांधींचा अंदाज असावा. मार्चमध्ये मतदान झाले आणि त्या स्वतः रायबरेलीत हरल्या. उत्तरेसारखी लाट महाराष्ट्रात नव्हती. तरीही ४८ पैकी काँग्रेसला २० च जागा मिळाल्या, जनता पक्षाला १९, शेतकरी कामगार पक्षाला ५. नाशिकने शेकापचे विठ्ठलराव हांडे यांना निवडले आणि मालेगावने हरिभाऊ महाले यांना. सेन्सॉरच्या काळात वर्तमानपत्रांतून जे कळत नव्हते ते एसटीच्या गाड्यांतून आणि बाजारांतून पसरलेच होते.

नंतर जे केले गेले ते चोख होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, दर सहा महिन्यांनी संसदेची मान्यता घ्यायची आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. २५ जूनच्या रात्रीचे पत्र पुन्हा त्याच कामासाठी लिहिता येणार नाही, याची व्यवस्था झाली.

नियम १२ मात्र नियमावलीत राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठली ती याच नियमाखाली. मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेतली गेली. आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. ते सरकार चार दिवसही टिकले नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने तातडीने बहुमत सिद्ध करायला सांगितले. दोन्ही प्रसंगांच्या गांभीर्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते पुसू नये. पण आणीबाणीपुरता बंद केलेला दरवाजा इतर कामांसाठी तसाच उघडा होता, एवढे त्या पहाटेने दाखवले.

असे उघडे दरवाजे आणखीही आहेत. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली. विधानसभा अध्यक्षांचा निर्णय आला तो १० जानेवारी २०२४ ला आणि त्यात एकही आमदार अपात्र ठरला नाही. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती चुकीची होती, असे सर्वोच्च न्यायालयाने मधल्या काळात सांगितले. परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही, असेही ठरवले. निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरन्यायाधीश असावेत, अशी व्यवस्था न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये लावली. डिसेंबरातल्या कायद्याने त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री आला. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ते माओवाद्यांच्या शहरी संघटनांपुरते आहे, असे सरकार म्हणते. व्याख्या इतकी सैल आहे की उद्या कोणीही तिच्यात बसेल, असे विरोधक म्हणतात. ‘मिसा’ही १९७१ मध्ये दुसऱ्याच कामासाठी आला होता, हे आठवले की विरोधकांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही.

आणि पैसा. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्ट आणि मुद्रांक छापले जातात. २०१८ पासून तिथे निवडणूक रोखेही छापले गेले. हजारापासून कोटीपर्यंतचे हे रोखे स्टेट बँकेतून विकत घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. कोणी कोणाला दिले ते मतदाराला कळत नसे. सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपये या मार्गाने पक्षांकडे गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. स्वीडनमधील व्ही-डेम संस्थेने २०२१ मध्ये भारताला ‘निवडणुका असलेली एकाधिकारशाही’ या गटात टाकले आणि भारत सरकारने ते मूल्यमापन नाकारले. असल्या क्रमवाऱ्यांवर वाद घालण्यापेक्षा आपल्या गावात काय चालले आहे ते तपासणे अधिक उपयोगाचे.

नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी स्थापन झाली आणि तिची पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. म्हणजे पहिली दहा वर्षे शहराने प्रशासकच पाहिला. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने हे संपायला हवे होते. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे तिचे कलम २४३-यू सांगते. तरीही २०१७ मध्ये निवडून आलेल्या १२२ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. कारणे खरी होती. ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या अटी, मग प्रभागरचनेचे बदल, मग एका सरकारने केलेले दुसऱ्याने फिरवणे, मग न्यायालयातला ‘जैसे थे’ आदेश. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितले. मुंबई, पुण्यासह राज्यभर हेच झाले आणि या काळात दोन्ही बाजूंच्या आघाड्यांची सरकारे येऊन गेली.

या पावणेचार वर्षांत कारभार कसा चालला? महापालिका आयुक्त म्हणून अधिकारी प्रस्ताव मांडणार आणि स्थायी समिती व महासभेचे अधिकार असलेला प्रशासक म्हणून तोच अधिकारी तो मंजूर करणार. अंदाजपत्रकाचेही तसेच. अधिकारी वाईट होते असा याचा अर्थ मुळीच नाही, काहींनी चांगली कामेही केली. पण महासभेत एखाद्या विषयावर होणारा गोंगाट, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणारा तपशील, प्रभागातल्या बाईने नगरसेवकाच्या दारात जाऊन पाण्यासाठी घातलेला वाद, हे सगळे बंद झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सतराशेहून अधिक झाडे तोडण्याचा विषय पुढे आला तेव्हा त्यावर बोलायला शहराला सभागृहच नव्हते. नाशिककर हरकती घेऊन महापालिकेत गेले, झाडांखाली जमले, प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. विरोध झाला, पण नागरिकांना तो सभागृहाबाहेर उभे राहून करावा लागला.

प्रशासक राजवट म्हणजे हुकूमशाही नव्हे. प्रशासक नेमणारे राज्य सरकार निवडून आलेले होते आणि न्यायालये चालू होती. चिंता आहे ती शहराला लागलेल्या सवयीची. पहिल्या वर्षी लोक निवडणूक कधी, असे विचारत होते. तिसऱ्या वर्षी इच्छुक सोडले तर फारसे कोणी विचारत नव्हते. नगरसेवक नाहीत म्हणून टक्केवारी तरी थांबली, असे म्हणणारेही भेटत. १९७५ मध्ये गाड्या वेळेवर आल्याचे समाधान मानणाऱ्यांचेच हे नातलग. संसदेची मुदत वाढवणे आता अवघड आहे, पण महापालिकेची निवडणूक लांबवायला कोणाला आणीबाणी पुकारावी लागत नाही. मुदत उलटली तर काय, याची शिक्षाच कलम २४३-यू मध्ये लिहिलेली नाही.

४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीच्या बाबतीत जे केले तेच इथे करता येईल. प्रशासकाची कमाल मुदत सहा महिन्यांची करावी. ती वाढवायची तर विधिमंडळाचा ठराव लागावा. जमिनी, मोठ्या निविदा आणि वृक्षतोडीसारखे निर्णय नव्या सभागृहापुढे मान्यतेसाठी आलेच पाहिजेत, अशी अट असावी. कायद्यात ही दुरुस्ती होईल तेव्हा होईल. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ मधले प्रशासकीय ठराव महापालिकेच्या दप्तरी आहेत. निवडून आलेल्या १२२ जणांपैकी कोणीही त्यांची यादी महासभेत मागू शकतो, आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून ती कोणत्याही नाशिककराला मागता येते.